दुखणेकऱ्याचें एकटेपण आणि शेजाऱ्याचें कर्तव्य

गांवांत कोणास ताप आला, कोणाचा पाय मोडला, कोणाच्या घरीं मूल जन्मलें, तर आमचीं माणसें धांवून जातात. कोणी भाकरी नेऊन देतो, कोणी गुरांस पाणी दाखवितो, कोणी उशाशीं बसून चार गोष्टी सांगतो. परंतु त्याच गांवांत कोणास कॅन्सर झाल्याचें कळलें, म्हणजे पहिले आठ दिवस त्या घरांत पाय ठेवावयास जागा नसते, आणि दोन महिन्यांनंतर त्या अंगणांत कोणी फिरकत नाहीं. घर तेंच, शेजारी तेच, माया तीच. मग असें कां व्हावें? दुखणें जसजसें लांबतें तसतशी माणसांची गरज वाढते, आणि माणसें मात्र त्याच वेळीं कमी होतात. हा केवळ नशिबाचा भाग आहे, कीं ह्यांत आपला कांहीं दोष आहे? ह्या प्रश्नाचा विचार आज वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार आम्ही दुसऱ्यांस उपदेश करण्याच्या हेतूनें मांडीत नाहीं. कारण ह्या दोषापासून आम्ही स्वतः मुक्त नाहीं. आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांस तोंडाचा कॅन्सर झाला. जबड्याचा भाग काढून टाकावा लागला, आणि त्यांचें बोलणें घरच्यांवांचून कोणास समजेनासें झालें. आम्ही त्यांस भेटावयास गेलों आणि अर्धा तास एकसारखे आम्हीच बोलत राहिलों. धीर धरा म्हणालों, कोणाकोणाचें दुखणें कसें बरें झालें तें सांगितलें, एका झाडपाल्याचें नांवही सांगितलें. आम्ही उठतांना त्यांनीं मुलाची पाटी ओढून घेतली आणि तिच्यावर "पुन्हां केव्हां?" एवढेच दोन शब्द लिहिले. "येत्या आठवड्यांत येतों," असें आम्हीं उत्तर दिलें, आणि गेलों नाहीं. कामाची अडचण होती असें नव्हे. तेथें जाऊन काय बोलावें हें आम्हांस सुचत नव्हतें, आणि त्या चेहऱ्याकडे पाहण्याचें भय वाटत होतें. पुढें ते वारल्यावर त्यांची पत्नी आठवड्याच्या बाजारांत भेटली. तिनें राग केला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "दादा, तुम्ही येतों म्हणालां होतां ना, तर ते रोज सांजच्याला खाट दाराकडे ओढून घ्यायला लावायचे." हें वाक्य आम्हांस अद्याप विसरतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कित्येक शहाणीं माणसें म्हणतात कीं, मनुष्य एकटा येतो आणि एकटा जातो. दांत ज्याचा दुखतो त्यालाच दुखतो. मग शेजाऱ्यानें जाऊन काय होणार? ह्या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. दुखणें वांटून घेतां येत नाहीं, हें खरें. आईलाही आपल्या लेंकराची कळ आपल्या अंगावर घेतां येत नाहीं. परंतु दुखणें आणि एकटेपण ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुखणें रोगापासून येतें. एकटेपण बहुतांशीं माणसांच्या वागण्यापासून येतें. दुखण्यावर उपाय करणें हें डॉक्टरांचें काम आहे. तें आपल्या हातीं नाहीं. एकटेपणावरील उपाय मात्र निरक्षर म्हातारीच्याही हातीं आहे. जें आपल्या हातीं नाहीं त्याबद्दल कोणी आपणांस दोष देणार नाहीं. परंतु जें हातीं आहे तें न केल्याचा जाब कोणी ना कोणी विचारणारच, आणि निदान आपलें मन तरी विचारील.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. एकांत म्हणजे एकटेपण नव्हे. आजारी माणसास कधीं कधीं एकांत हवा असतो; गर्दीचा आणि प्रश्नांचा त्यास वीट येतो. एकांत तो आपण होऊन मागतो आणि हवा तेव्हां मोडतो. एकटेपण त्याच्यावर लादलेलें असतें, आणि दहा माणसांच्या गराड्यांतही तें त्यास सोडीत नाहीं. म्हणून माणसांची संख्या वाढविणें हा त्यावर उपाय नव्हे.

मग हें एकटेपण कोणत्या वाटांनीं येतें तें पाहूं.

पहिली वाट भीतीची. आजही कित्येक घरांत रोग्याचें ताट-तांब्या वेगळें ठेवतात, आणि नातवंडांस त्याच्या अंथरुणावर बसूं देत नाहींत. वाचकांनीं हें नीट समजून घ्यावें कीं, कॅन्सर हा स्पर्शानें, श्वासानें, किंवा एका ताटांत जेवल्यानें दुसऱ्यास लागत नाहीं. शरीरांतील पेशी आपली मर्यादा सोडून वाढत सुटतात, तो हा रोग. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरासारख्या कांहीं प्रकारांच्या मुळाशीं विषाणु असतो. परंतु तेथेंही सेवा करणाऱ्यास हात लावण्यानें कॅन्सर होत नाहीं. ज्याचा हात कोणी धरीत नाहीं, त्यास आपण जिवंतपणींच गांवाबाहेर टाकल्यासारखें वाटतें.

दुसरी वाट दोष देण्याची. आमच्या देशांतील पुरुषांत तोंडाचा कॅन्सर फार आढळतो, आणि त्याचें मोठें कारण तंबाखू, गुटखा व विडी हें आहे, ह्यांत संशय नाहीं. तरुणांस हें अवश्य सांगावें. परंतु जो खाटेवर पडला आहे त्यास हें सांगून काय मिळवावयाचें? तो हें आपल्याहून अधिक जाणतो. आणि जिनें कधीं तंबाखूस हात लावला नाहीं अशा बाईच्या स्तनांत गांठ झाली, तर लोक तिच्यासाठींही कांहींतरी पाप शोधून काढतातच. ईयोबाची कथा आमच्या वाचकांस पाठ आहे. त्याचे तीन मित्र लांबून आले, आणि सात दिवस व सात रात्री एक शब्द न बोलतां त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. तोंवर ते खरे मित्र होते. ईयोबाचें दुःख कशामुळें आलें हें ते समजावून सांगूं लागले, तेव्हां ते परके झाले. आम्ही त्या शेतकऱ्याच्या घरीं गेलों तेव्हां ते सात दिवस टाळून एकदम त्यांच्या भाषणांपाशींच पोहोंचलों होतों, हें आतां आमच्या ध्यानांत येतें.

तिसरी वाट लपविण्याची, आणि ही सर्वांत अवघड आहे, कारण ती प्रेमांतून निघते. मुलगा डॉक्टरांस म्हणतो, "बाबांना सांगूं नका, ते खचतील." घरांत "साधी गांठ आहे," असें ठरतें. परंतु बाप आंधळा नसतो. सून चुलीपाशीं डोळे पुसते, शेताचे कागद अचानक बाहेर निघतात, मुंबईस नेतात तेथें दारावरच रोगाचें नांव लिहिलेलें असतें. त्यास सर्व कळतें. पण मुलास वाईट वाटूं नये म्हणून तोही न कळल्याचें सोंग करितो. अशा रीतीनें एकमेकांवर जीव टाकणारीं माणसें एका घरांत राहून एकमेकांपासून दूर होतात. सत्य सांगणें हें कर्तव्य, आणि दुखऱ्या मनास जपणें हेंही कर्तव्य. मग ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा? आमच्या मतें उत्तर असें आहे: सत्य कोणाच्या अंगावर फेकूं नये, आणि जो विचारतो त्यापासून तें चोरूंही नये. "तुम्हांला किती जाणून घ्यायचं आहे?" असें रोग्यासच विचारावें, आणि तो जेवढें मागेल तेवढें, त्याच्या चालीनें, सांगावें. दुखणें त्याचें आहे. त्याची वार्ताही प्रथम त्याचीच आहे. उरलेल्या दिवसांत कोणाशीं समेट करावयाचा, कोणास काय द्यावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार आपण प्रेमाच्या नांवानें त्याजकडून काढून घेऊं नये.

चौथी वाट अंतराची. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कॅन्सरानें वारल्या. पुढें टाटांच्या विश्वस्त निधीनें परळ येथें उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेव्हांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून गरीब माणसें तेथें येत आहेत. बार्शीसारख्या ठिकाणींही काम उभें राहिलें; देशांतील पहिली ग्रामीण कॅन्सर-नोंदणी १९८७ मध्यें तेथेंच सुरू झाली. तरीही पुष्कळांस घर सोडून जावें लागतें. किरणांचा उपचार, ज्यास आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात, तो बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, आणि पुष्कळदां पांच ते सात आठवडे चालतो. एवढे दिवस खेड्यांतील माणूस कोठें राहणार? कोणास दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं आसरा मिळतो, कोणी रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर चादर अंथरतो. तेथें भाषा निराळी, पाणी निराळें, आणि खिशांतील पैसे रोज कमी होणारे. तरी अशाच जागीं एक गोष्ट पाहावयास मिळते. बीडची बाई आणि बिहारची बाई, एकीचें बोलणें दुसरीस धड कळत नाहीं; पण दोघी एका स्टोव्हवर भात शिजवितात आणि एकमेकींच्या रोग्यांवर लक्ष ठेवतात. समदुःखी माणूस भेटला म्हणजे अर्धें ओझें न बोलतां उतरतें. गांवीं परतल्यावर मात्र तोही आधार तुटतो.

आतां ज्याच्याविषयीं कोणी बोलत नाहीं त्याविषयीं बोलूं. प्रत्येक रोग्यामागें एक दुसरा रोगी असतो, त्यास खाट मिळत नाहीं. तो म्हणजे सेवा करणारें माणूस. बहुतकरून बायको, आई, सून किंवा मुलगी. ती रात्रीं दर दोन तासांनीं उठते, नळीनें पातळ अन्न घालते, जखम धुते, मळ काढते, आणि सकाळीं पुन्हां चूल पेटवून मजुरीस जाते किंवा मजुरी बुडवते. पाहुणे दारांत विचारतात, "ते कसे आहेत?" "तूं कशी आहेस?" असें तिला कोण विचारतो? रेल्वे कॅन्सरच्या रोग्यास उपचारासाठीं जातांना प्रवासभाड्यांत सवलत देते, आणि त्याच्या एका सोबत्यासही देते. रोगी एकटा जात नसतो, हें जें रेल्वेच्या नियमास कळतें तें शेजाऱ्यांस कळूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

ह्या सेवा करणाऱ्यांच्या मनांत एक कांटा असतो, तो त्या कोणास दाखवीत नाहींत. कधीं त्यांस रोग्याचा राग येतो. कधीं अतिशय थकव्यांत "आतां हें लवकर संपावें," असा विचार मनांत येऊन जातो, आणि दुसऱ्याच क्षणीं आपण केवढें पाप केलें असें वाटून त्या आणखी एकट्या पडतात. आम्ही त्यांस स्पष्ट सांगूं इच्छितों कीं, थकणें हें पाप नव्हे. प्रेम आणि थकवा एका मनांत राहूं शकतात. जें माणूस प्रेम करीत नाहीं तें इतकें थकतच नाहीं. असा विचार आला म्हणून तुमची सेवा खोटी ठरत नाहीं. आणि एक रात्र दुसऱ्याच्या हवालीं करून झोंप घेणें ही कर्तव्यांतील चूक नसून कर्तव्याचाच भाग आहे. मन फारच बुडूं लागलें तर शासनाच्या टेलिमानस ह्या सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करून बोलतां येतें. त्यांत लाज मानूं नये.

कोणी म्हणेल, हें सर्व बोलणें ठीक आहे, परंतु आम्ही हातावर पोट असलेलीं खेड्यांतील माणसें. आमच्यानें काय होणार? ह्याचें उत्तर दोन खऱ्या हकीकतींनीं देतों.

१९४८ सालीं लंडनमधील एका रुग्णालयांत डेव्हिड टास्मा नांवाचा एक पोलिश ज्यू मनुष्य कॅन्सरानें मरणपंथास लागला होता. तो वॉर्साहून आलेला, हॉटेलांत वाढप्याचें काम करणारा, आणि परक्या शहरांत जवळचें कोणी नसलेला. सिसिली सॉण्डर्स नांवाची एक बाई रोग्यांच्या अडचणी पाहण्याच्या कामावर होती. ती त्याच्यापाशीं जाऊन बसूं लागली. मरणासन्न माणसांसाठीं कसें घर असावें, ह्याविषयीं त्या दोघांचीं बोलणीं होत. मरतांना त्यानें तिला पांचशें पौंड ठेविले, आणि तिच्या त्या घरांत आपण एक खिडकी होऊं अशी इच्छा दाखविली. पुढें ती बाई डॉक्टर झाली, आणि १९६७ मध्यें तिनें लंडन येथें सेंट ख्रिस्तोफर्स हें घर उघडलें. माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरसंसाराची आणि आत्म्याची मिळून ती एक होते, असें तिनें जगास शिकविलें. आपल्याकडे असें पहिलें घर, शांति अवेदना, १९८६ मध्यें मुंबईस वांद्रे येथें निघालें. एवढ्या मोठ्या कामाचा आरंभ पाहिला तर काय दिसतें? एका परक्या माणसाच्या खाटेपाशीं कोणीतरी पुन्हां पुन्हां जाऊन बसलें, एवढेंच.

दुसरी हकीकत केरळांतील. १९९३ मध्यें कोझिकोडे येथें कांहीं डॉक्टरांनीं असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्याचें काम आरंभिलें. पुष्कळ रोग्यांस दवाखान्यापर्यंत येतांच येत नाहीं, आणि त्यांच्या गरजांपैकीं थोड्याच औषधानें भागतात, असें त्यांस दिसून आलें. तेव्हां त्या दशकाच्या शेवटीं मलप्पुरम् व आसपासच्या भागांत गांवकऱ्यांसच थोडें शिक्षण देऊन हें काम त्यांच्या हातीं देण्यांत आलें. आपल्याच शेजारच्या रोग्यांसाठीं आठवड्यांतून निदान दोन तास द्यावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, मजूर ह्यांनीं हें काम उचललें, परिचारिका व डॉक्टर त्यांच्या पाठीशीं राहिले, आणि २००८ मध्यें केरळ सरकारनें ह्या सेवेसाठीं आपलें धोरणच जाहीर केलें. तीं माणसें आपल्याहून श्रीमंत होतीं असें नाहीं. त्यांनीं दोन तास मोजून दिले, एवढाच फरक.

म्हणून आम्ही कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. भेटीस जावयाचा वार ठरवावा आणि तो मोडूं नये. रोग्यास आलेल्यांची संख्या आठवत नाहीं, येणाऱ्याचा वार आठवतो. गेल्यावर उभ्याउभ्या बोलूं नये. बसावें, आणि त्यासच आधीं बोलूं द्यावें. औषधें सुचवूं नयेत. "सगळं ठीक होईल," असें जें आपणांस ठाऊक नाहीं तें बोलूं नये. "काय बोलावं ते मला सुचत नाहीं, पण मी बसतों," एवढें म्हटलें तरी पुरे. तो झोंपला तर उठून जाऊं नये. किमोच्या औषधानंतर कांहीं दिवस रोग्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हां आपणांस खोकला-पडसें असेल तर आंत जाऊं नये, पण अंगणांतून हांक मारावी. जखमेस दुर्गंधी येते म्हणून माणसें टाळूं लागलीं, तर डॉक्टरांस विचारावें. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर लाविल्यानें ती पुष्कळ कमी होते. वेदना असह्य असतील तर "सोसा" म्हणूं नये. मॉर्फिनच्या गोळीनें ती कळ आंवरतां येते. १९८५ च्या कायद्यानें तें औषध मिळणें फार कठीण झालें होतें, तो कायदा २०१४ मध्यें दुरुस्त होऊन वाट मोकळी झाली आहे. जो कळ सोसण्यांत गुंतला आहे त्यास सोबत करणेंही कठीण असतें. आणि जो घरीं सेवा करितो त्यास "कांहीं लागलं तर सांग," असें म्हणूं नये, कारण तो कधींच सांगत नाहीं. "आज रात्रीं मी जागतों, तूं नीज," असें म्हणावें.

रोगी बंधुभगिनींसही दोन शब्द. तुमचें एकटेपण सर्वस्वीं शेजाऱ्यांनींच घालवावें असें नाहीं. सर्वांपाशीं मन उघडणें जमणार नाहीं. परंतु एका माणसापाशीं तरी खरें बोला. आलेल्यास काय हवें तें सांगा, कारण पुष्कळजण अज्ञानानें दूर राहतात, निर्दयतेनें नव्हे. आणि घरच्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, आपण आतां कोणाच्या उपयोगाचे नाहीं, ही भावना माणसास सर्वांत एकटें करिते. बियाणें कोणतें घ्यावें हें बापास विचारा. लोणच्याचें माप आईस विचारा. नातवास त्यांच्यापाशीं पाढे म्हणावयास बसवा. खाटेवरचें माणूस अद्याप घरांतलें माणूस आहे.

हें सर्व केल्यावरही कांहीं एकटेपण उरेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. रात्रीं दोन वाजतां जाग येते तेव्हां मनुष्य ज्या विचारांपाशीं जातो तेथें दुसऱ्या कोणास जातां येत नाहीं. परंतु शेजारच्या खाटेवर कोणीतरी आहे, आणि उद्यां ठरल्या वेळीं कोणीतरी येणार आहे, हें ठाऊक असलें म्हणजे तीच रात्र निराळी होते. आणि रोगी गेल्यावर सेवा करणाऱ्याचे हात एकाएकीं रिकामे होतात. मातीच्या दिवशीं सारें गांव असतें. तीन महिन्यांनंतर त्या घरीं कोणी नसतें. तेव्हां जाणें हें खरें जाणें होय.

आम्हांस तो शेतकरी आणि दाराकडे ओढलेली ती खाट अजून दिसते. ती चूक आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं. परंतु तुमच्या गांवांत, तुमच्या आळींत, आज सायंकाळीं कोणाची खाट दाराकडे तोंड करून आहे, हें वाचकांनीं आठवून पाहावें. आणि आठवलें तर हा अंक बाजूस ठेवून उठावें.